मामाने समुद्रात टाकलेला नंबर

ज्यांना कानात इयरफोन घालून चाळीस मिनिटं बसता येत नाही, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलले तसंच ठेवलंय, फक्त मधले 'अं' आणि मागे भुंकणारा कुत्रा काढून टाकलाय.

आजचा विषय माझ्या डोक्यात आला तो जून महिन्यात, हर्णैला. माझं आजोळ तिथलं. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, त्यामुळे मामा घरी सापडण्याची खात्री असते ती फक्त तेव्हाच. पडवीत जाळं दुरुस्त करत बसलेला असतो. मी लॅपटॉप घेऊन त्याच्या शेजारी बसले होते, वर्क फ्रॉम होम. नेट गेलं होतं. मग गप्पा.

बोलता बोलता मामा म्हणाला, "एकदा एका कुप्याच्या पाठीत पिवळी दोरी सापडली होती बघ."

कुपा म्हणजे ट्यूना. मामा तेव्हा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी होता, रत्नागिरीच्या. साल त्याला नक्की आठवत नाही. मी चौथी-पाचवीत होते म्हणतो, म्हणजे २००७-०८ धरा. लांबच्या पाण्यात जाळं टाकलं होतं, त्यात चार-पाच कुपे आले. एकाच्या पाठीवरच्या पराजवळ बोटभर लांबीची पिवळी प्लॅस्टिकची दोरी रुतलेली. तिच्यावर बारीक इंग्रजी अक्षरं आणि आकडे.

"मग काय केलंस?"

"तांडेल म्हणाला, सरकारी भानगड असंल, टाक. टाकली."

"मामा! समुद्रात?"

"मग काय गळ्यात घालू?"

तो टॅग होता. कोणीतरी तो मासा आधी पकडून, मोजून, नंबर लावून परत सोडला होता. त्या नंबरात त्या माशाची जन्मकुंडली नाही, पण निदान एक तारीख आणि एक जागा होती. ती मामाने टाकून दिली. त्या दिवशी नेट संध्याकाळी आलं, आणि मग मी काम सोडून रात्री दोनपर्यंत हेच वाचत बसले. मॅनेजर हा पॉडकास्ट ऐकत नाही, म्हणून सांगतेय.

आधी मूळ कल्पना. ती इतकी साधी आहे की मी ती मामीच्या स्वयंपाकघरातून दाखवली.

पातेलंभर वाल घ्या. किती आहेत माहीत नाही. त्यातले १०० वाल काढून त्यांना कुंकू लावा आणि परत पातेल्यात टाकून नीट ढवळा. आता डोळे मिटून वाटीभर वाल काढा. समजा २०० निघाले आणि त्यात ४ कुंकवाचे आहेत. म्हणजे पन्नासात एक. पातेल्यात कुंकवाचे एकूण १००, तेव्हा सगळे मिळून साधारण ५,०००. झालं. एकेक वाल मोजला नाही, पण आकडा आला.

डेन्मार्कच्या पीटरसन नावाच्या शास्त्रज्ञाने १८९० च्या दशकात प्लेस नावाच्या चपट्या माशांना, आपल्या लेपासारखे दिसतात ते, बटणासारख्या चकत्या तारेने लावून सोडले. ही पद्धत आजही त्याच्या नावाने ओळखली जाते. वाल आणि मासे यात फरक एवढाच की मासे मरतात, वाढतात, दुसरीकडे निघून जातात, आणि समुद्र तुम्हाला नीट ढवळता येत नाही. म्हणून पुढचं गणित अवघड होतं. पण गाभा हाच.

आता आपल्या समुद्राकडे येऊ. २००५ ते २००७ या काळात हिंदी महासागरात एक मोठा कार्यक्रम झाला. पैसे मुख्यतः युरोपियन युनियनचे, आणि मागे हिंद महासागर ट्यूना आयोग, ज्याचं ऑफिस सेशेल्समध्ये आहे आणि ज्याचा भारत सभासद आहे. गळाने मासे धरणाऱ्या बोटी घेतल्या आणि १,६८,००० हून जास्त ट्यूनांना टॅग लावले. तीन जाती: स्किपजॅक, यलोफिन आणि बिगआय. बरेचसे टांझानियाच्या समुद्रात.

प्रत्येक माशाला मिळणारा वेळ अगदी थोडा. गळाने वर ओढायचा, ओल्या पाळण्यात आडवा ठेवायचा, लांबी बघायची, पोकळ सुईने पराच्या बुडाशी टॅग खुपसायचा आणि डोक्याकडून पाण्यात सोडायचा. टॅगच्या टोकाला बाणासारखा काटा असतो, तो आतल्या हाडांत अडकतो. काही माशांना वर एक इंजेक्शनही दिलं. टेट्रासायक्लिन गटातलं औषध. ते माशाच्या कानातल्या इवल्याशा दगडात उतरतं. तो दगड झाडाच्या खोडासारखा थराथराने वाढतो. पुढे मासा पकडला गेला की दगड कापून खास दिव्याखाली धरायचा: औषधाची रेघ चमकते. त्या रेघेनंतर किती थर आलेत ते मोजायचे आणि कॅलेंडरशी ताडून बघायचे. टाइमस्टॅम्प टाकलाय की हो माशाच्या डोक्यात!

यातूनच खात्री पटली की यलोफिन एका वेगाने वाढत नाही. लहानपणी सावकाश वाढतो आणि मग एका टप्प्यावर झपाट्याने. म्हणजे लांबी बघून वय ठरवणारं जुनं साधं सूत्र चुकणार. आणि त्या सावकाश टप्प्यातच त्याला उचललात तर पुढचं सगळं वजन बुडालं.

टॅग लावलेल्या माशांपैकी साधारण १६ टक्के परत मिळाले. समुद्राच्या मानाने हा आकडा भरपूर आहे. पण इथेच मी थांबले. कारण १६ टक्के पकडले गेले असं नाही. १६ टक्क्यांची *खबर* मिळाली. पकडून खबर न दिलेले किती? मामाच्या दोरीसारख्या किती दोऱ्या पाण्यात गेल्या?

माझ्या कामाच्या ठिकाणी हाच प्रकार आम्ही एकदा भोगलाय, कंपनीचं नाव विचारू नका. ॲपचं नवीन व्हर्जन सोडलं. क्रॅश रिपोर्टचा डॅशबोर्ड शांत, हिरवागार. टीमने पेढे खाल्ले. तीन दिवसांनी कळलं की जुन्या फोनवर ॲप उघडताक्षणीच बंद पडत होतं, इतक्या लवकर की रिपोर्ट पाठवणारा कोड सुरूच होत नव्हता. सगळ्यात जास्त त्रास ज्यांना होता त्यांचाच आवाज येत नव्हता, आणि आम्ही त्या शांततेचा अर्थ 'सगळं छान' असा लावला.

आता पुन्हा पातेल्याकडे. वाटीत कुंकवाचे ४ वाल आले, पण कोणीतरी त्यातले २ गुपचूप खिशात घातले. मोजणाऱ्याला दिसले २. दोनशेत दोन, म्हणजे शंभरात एक. त्याचा हिशोब म्हणतो, पातेल्यात १०,००० वाल आहेत. खरे ५,०००. टॅग लपवला की कागदावरचे मासे दुप्पट होतात.

हे मामाला सांगितलं तर तो खूश. "मग बरंय की! जास्त दिसले तर बंदी नाय घालणार."

मला पटकन उत्तर सुचलं नाही, खरं सांगते. त्याच्या बाजूने विचार केला तर त्याचं काही चुकत नाही. कोणी अधिकारी त्याच्या होडीवर आला तो आजवर काहीतरी तपासायला किंवा दंड करायलाच. नंबर दिला तर प्रश्न येणार: कुठे धरलास? जाळं कुठलं? परवाना दाखव. जागा सांगायची म्हणजे तर आपली माशांची जागाच सांगायची.

मी विचार करून म्हटलं, "मामा, कागदावर मासे दुप्पट दिसले तर नवीन बोटींना परवानगी मिळेल. तुझ्याकडे एक होडी आहे. नवीन बोटी कोण आणेल?"

मामाने सुई थांबवली. "पर्ससीनवाले," म्हणाला. आणि एक शिवी दिली, ती ट्रान्सक्रिप्टमध्ये नाही.

टॅगवाल्या शास्त्रज्ञांना मामासारखी माणसं असणार हे माहीत होतं. म्हणून त्यांनी एक गमतीची गोष्ट केली, आणि या सगळ्या विषयात मला ती सगळ्यात आवडली. मोठ्या पर्ससीन जहाजांवर मासे गोठवून ठेवतात आणि सेशेल्ससारख्या बंदरात उतरवतात. तर जहाजावरचा आपला माणूस मेलेल्या माशांना गुपचूप टॅग लावून ढिगात सोडायचा. त्याला नंबर माहीत. मग बंदरात, कॅनिंगच्या कारखान्यात बघत बसायचं: यातले किती परत येतात? दहा पेरले, सहा आले, तर खबर देण्याचं प्रमाण ६० टक्के. आता खऱ्या टॅगांच्या हिशोबाला त्याप्रमाणे दुरुस्त करा. आम्ही सिस्टीम तपासायला मुद्दाम खोटी चूक टाकतो, अलार्म वाजतो का बघायला. अगदी तेच.

पेरलेल्या टॅगांवरून दिसलं की सुरुवातीला निम्म्याहून थोडेच जास्त परत येत होते. मग बक्षिसं लावली, पोस्टर लावली, बंदरावर माणसं बसवली. पुढच्या काळात हे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या आसपास गेलं. पण हे झालं पर्ससीन जहाजांचं. लाँगलाइन, म्हणजे मैलोन्‌मैल लांब दोरीला हजारो गळ लावणारी जहाजं, त्यांच्याकडून फारच थोडे टॅग आले. मासे तर तेही धरत होते. तिकडे पेरणीही करता आली नाही. त्यामुळे हिंदी महासागरातल्या ट्यूनाच्या हिशोबात टॅगचा आवाज मुख्यतः एकाच प्रकारच्या बोटींचा आहे.

तुम्ही म्हणाल, अगं, २०२० च्या दशकात दोरी काय लावताय, जीपीएस लावा ना. मीही हेच म्हटलं होतं. पण जीपीएसचा सिग्नल पाण्याखाली पोचत नाही. मासा पाण्याखाली असतो. संपलं.

अटलांटिक ब्लूफिनवर काम करणाऱ्या बार्बरा ब्लॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ पासून यावर दोन वाटा वापरल्या. ब्लूफिन म्हणजे तीन मीटरपर्यंत वाढणारा, शेकडो किलो वजनाचा मासा. पहिली वाट: माशाच्या पोटात छोटं यंत्र शिवून टाकायचं, त्याचा प्रकाश मोजणारा देठ बाहेर. दुसरी: पाठीवर पॉप-अप टॅग. ठरलेल्या तारखेला टॅगमधून जोडणीच्या तारेत वीज सोडली जाते, खाऱ्या पाण्यात ती तार झिजून तुटते, टॅग तरंगत वर येतो आणि उपग्रहाला सगळा हिशोब पाठवतो.

जागा कळते कशी? उजेडावरून. यंत्र दर थोड्या वेळाने उजेड नोंदवतं. दिवस किती तासांचा होता त्यावरून अक्षांश. दुपार ग्रीनिचच्या घड्याळात किती वाजता झाली त्यावरून रेखांश. शेकडो वर्षांपूर्वीचे खलाशी करायचे तेच, फक्त माशाच्या पोटात. यात एक सुंदर गोची आहे: २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास सगळ्या पृथ्वीवर दिवस जवळजवळ सारखाच असतो, त्यामुळे त्या दिवसांत अक्षांश काढताच येत नाही. मग पाण्याचं तापमान उपग्रहाच्या नकाशाशी जुळवून बघायचं. इतकं करून चूक साधारण एक अंश, म्हणजे शंभर किलोमीटरच्या घरात. झोमॅटोला चालणार नाही. महासागराला चालतं.

आणि या माशांनी काय दाखवलं? अटलांटिकमध्ये कोटा ठरवणाऱ्या आयोगाने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला नकाशावर ४५ अंश पश्चिम रेखांशावर उभी रेघ मारली होती. रेघेच्या डावीकडचे मासे अमेरिकेकडचे, मेक्सिकोच्या आखातात अंडी घालणारे. उजवीकडचे युरोपचे, भूमध्य समुद्रातले. दोन साठे, दोन कोटे. साध्या टॅगांवरून १९५०-६० च्या दशकातच दिसलं होतं की बहामाजवळचे काही मासे थेट नॉर्वेला सापडतात. पण म्हटलं गेलं, असतील अपवाद. २००५ साली ब्लॉक यांच्या गटाने ७७२ माशांच्या टॅगिंगचं काम 'नेचर'मध्ये मांडलं. अंडी घालायला दोघं आपापल्या गावी जातात हे खरं निघालं. पण चरायला दोघं एकाच पानावर, रेघ ओलांडून खुशाल इकडेतिकडे.

हे इतकं महत्त्वाचं का, तर पश्चिमेचा साठा छोटा आहे. २०२३ चे कोटे बघा: पश्चिमेला २,७२६ टन, पूर्वेला ४०,५७०. अमेरिकेच्या किनाऱ्यावर धरलेले बरेच मासे मुळात भूमध्य समुद्रात जन्मलेले असतात. म्हणजे पश्चिमेत मासे भरपूर दिसले तरी ते पाहुणे असू शकतात, आणि रेघेच्या पूर्वेला धरलेला एखादा मासा त्या छोट्या साठ्यातला असू शकतो. कोटा ठरवण्याची जी नवीन पद्धत आयोगाने स्वीकारली, तिच्यात ही सरमिसळ धरलेली आहे. ती आली २०२२ मध्ये. नेचरमधल्या त्या पेपरनंतर १७ वर्षांनी. आमच्याकडे कोणीतरी कधीकाळी कोडमध्ये ठोकून बसवलेला आकडा काढायला सहा महिने लागतात तेव्हा मी चिडते. आता कमी चिडेन.

रेघेवरून आठवलं. ओडिशात २०२१ साली धातूचा टॅग लावलेली एक ऑलिव्ह रिडले कासवीण जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. मासा नाही, मान्य. पण पूर्व किनाऱ्याची कासवं वेगळी, पश्चिमेची वेगळी, या समजाला तिने धक्का दिला, आणि तो कळला कारण किनाऱ्यावरच्या माणसांनी तिच्या परावरचा नंबर वाचला आणि कळवला.

पॉप-अप टॅगला तसा कोणाचा उपकार लागत नाही, स्वतःच फोन करतो. आपल्याकडेही इन्कॉइस आणि मत्स्य संशोधन संस्थांनी यलोफिनला असे टॅग लावलेत. पण एकेक टॅग हजारो डॉलरचा, त्यामुळे लाखांनी लावता येत नाहीत. पोटात शिवलेलं यंत्र तर परत हातात आलं तरच वाचता येतं, म्हणून ब्लूफिनच्या कार्यक्रमात त्यावर १,००० डॉलरचं बक्षीस ठेवलं. शेवटी गाडी पुन्हा मासा कापणाऱ्या माणसापाशीच.

ऑस्ट्रेलियावाल्यांनी यावर काढलेला तोडगा मात्र मला आवडला. सदर्न ब्लूफिन हा जावा आणि ऑस्ट्रेलियाच्या मधल्या पाण्यात, म्हणजे आपल्याच हिंदी महासागरात अंडी घालतो. तिथल्या सीएसआयआरओ संस्थेने २०१६ मध्ये दोन वर्षांच्या २,९५२ माशांचा कणभर तुकडा घेतला आणि त्यांना सोडून दिलं. दोरी नाही, नंबर नाही. त्या तुकड्यातला डीएनए हाच नंबर. पुढच्या वर्षी मासे कापायला आले तेव्हा त्यातल्या १५,३८९ माशांचे नमुने घेतले आणि जुळवून बघितले. २० जुळले. करा वालाचं गणित: सुमारे २२ लाख ७० हजार मासे. असा टॅग फेकता येत नाही, कारण पकडणाऱ्याला तो दिसतच नाही.

मी हे उत्साहाने मामाला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे आता आम्हाला विचारायचीपण गरज नाय."

हे मला लागलं. मी इंजिनीअर म्हणून 'माणसावर अवलंबून नाही' हा गुणच समजत होते.

मग मी त्याला विचारलं, तेव्हा काय झालं असतं तर तू ती दोरी ठेवली असतीस? पैसे? तो म्हणाला, पैसे कोण नाही म्हणेल. पण मग म्हणाला, "तो कुठून आलेला ते मला सांगितलं असतं का कोणी?" बऱ्याच टॅगिंग कार्यक्रमांत खरंच सांगतात: तुमचा मासा अमुक दिवशी अमुक ठिकाणी सोडला होता, तेव्हा इतका लांब होता. मामाला हे माहीतच नव्हतं. तांडेलालाही नव्हतं. टांझानियाजवळ सोडलेला मासा कोकणाकडे आला असेल का? असेल, नसेल. दोरी दुसऱ्याच कोणाची असेल. मामा आणि मी दोघांनाही हे आता कधीच कळणार नाही, आणि खरं सांगू, मामाला माझ्यापेक्षा जास्त हळहळ वाटली. वीस मिनिटं तो त्या माशाबद्दलच बोलत होता. लठ्ठ होता म्हणे, पाठ निळीशार.

निघताना मी त्याला एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. टॅग सापडला तर तोडू नको, आधी फोटो काढ. नंबर, तारीख, माशाची लांबी, आणि जीपीएसवर दिसणारी जागा लिही. मग मला व्हॉट्सॲप कर, पुढे मत्स्य विभागाला किंवा सीएमएफआरआयच्या मुंबई केंद्राला कळवायचं मी बघते. जागेच्या ओळीवर त्याने बोट ठेवलं आणि म्हणाला, "ही तुलाच सांगेन." ठीक आहे, म्हटलं, त्यावर नंतर बोलू.

तो कागद आता प्लॅस्टिकमध्ये घालून होडीच्या केबिनमध्ये लावलाय, देवाच्या फोटोच्या खाली, डिझेलच्या हिशोबाच्या वर. अजून टॅग सापडलेला नाही. परवा मामाचा सकाळी सहाला फोन आला तेव्हा मी ताडकन उठून बसले. पुण्यात पापलेट काय भावाने चाललंय, ते विचारत होता.